रिकामी जागा आणि भरलेलं थिएटर

परवा शनिवारी पुण्यात भाड्याची जागा बघायला गेलो होतो. ऑफिसने आठवड्यातले तीन दिवस हजेरी सक्तीची केल्यापासून आसनगावहून हिंजवडी गाठणं हा प्रकार माणसाच्या आवाक्यातला राहिलेला नाही. दिवसभरात चार फ्लॅट पाहिले. पहिल्या तीन ठिकाणी चप्पल काढायच्या आतच प्रश्न आला, "फॅमिली का?" एकटाच आहे म्हटल्यावर चेहरे असे काही झाले, की जणू मी बॉम्ब बनवायला जागा मागतोय. चौथ्या ठिकाणी एजंटने मला जिन्यात थांबवलं आणि हळूच म्हणाला, "सर, लग्न ठरलंय असं सांगा ना. पुढचं मी बघतो."

मला ते काही जमलं नाही. कल्याणला उतरून आसनगाव लोकल पकडली, साडेदहाला घरी पोचलो. बघतो तर काय, बाबा टीव्हीसमोर आणि टीव्हीवर 'अशी ही बनवाबनवी'. शंभरावी वेळ असेल. लीलाबाई काळभोर ठणकावून सांगतायत की जागा मिळेल, पण जोडप्यालाच. बाबा खदखदून हसत होते. मी तिथेच सोफ्यावर बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या प्रसंगाला मला हसू आलं नाही.

मग रात्रभर डोक्यात हाच किडा. आपण मराठी माणसं विनोदी सिनेमाबद्दल बोलतो तेव्हा संवाद पाठ म्हणून दाखवतो, लक्ष्या-अशोक-सचिन करतो आणि थांबतो. पण १९८८ सालचा सिनेमा आज पंचविशीतल्या पोरांनाही तोंडपाठ का आहे? विनोद तर त्या काळात ढिगाने झाले. तेव्हा मंडळी, आजचा शनिवारचा निबंध या किड्यावर.

सुरुवात एका माणसापासून करू. वसंत सबनीस (१९२३–२००२). 'बनवाबनवी' म्हटलं की दिग्दर्शक सचिन पिळगांवकर आठवतात, पडद्यावरची चौकडी आठवते. लिहिणारे सबनीस मात्र सहसा आठवत नाहीत. गंमत म्हणजे दादा कोंडक्यांना महाराष्ट्रभर पोचवणारं 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य (१९६५) यांनीच लिहिलं. दादांच्या 'सोंगाड्या'ची (१९७१) कथाही यांचीच. म्हणजे तमाशाच्या बाजाचं नाटक, गावरान सिनेमा आणि पुण्यातल्या भाडेकरूंचा शहरी फार्स, हे तीन वेगळे 'जॉनर' आपण तीन कप्प्यांत ठेवतो, आणि तिन्हींच्या मागे लेखणी एकच!

आता तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा. 'विच्छा'मधल्या हवालदाराला कोतवाल व्हायचंय, पण जागा जाते वशिल्याच्या माणसाला. मग मैनावतीला हाताशी धरून, राजाच्या छपरी पलंगाचं आमिष लावून तो नव्या कोतवालाला खड्ड्यात घालतो. 'सोंगाड्या'तला नाम्या आईच्या धाकातला भोळा गडी. त्याला तमाशाचा नाद लागतो आणि आई त्याला घराबाहेर काढते. 'बनवाबनवी'त चार तरुणांना पुण्यात डोक्यावर छप्पर हवंय, पण बायको असल्याशिवाय छप्पर नाही. तिन्हीत सूत्र तेच. माणसाची एक साधी गरज, तिच्या आड येणारा एक नियम, आणि तो नियम ओलांडण्यासाठी घेतलेलं सोंग. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड तेच, फक्त इनपुट बदललं.

सोंग हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. तमाशात गण झाला की गौळण येते, आणि गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींबरोबर एक मावशी असते. ही मावशी म्हणजे बहुतेक वेळा लुगडं गुंडाळलेला पुरुष. तो बाई आहे असं कुणालाच वाटत नाही, वाटावं अशी अपेक्षाही नसते. गंमत त्यातच आहे. दुसरीकडे बालगंधर्वांची स्त्रीपार्टी, जिथे पुरुष आहे हे विसरायला लावणं ही कला. 'बनवाबनवी'त दोन्ही परंपरा एका खोलीत भाड्याने राहतात. सचिनची सुधा गंधर्वांच्या वाटेने जाते आणि लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती ही सरळसरळ गौळणीतली मावशी. पार्वतीचं डोहाळजेवण आठवा. खुर्चीत बसलेली ती 'गरोदर बाई' बघून हसणारा प्रेक्षक नकळत शे-दीडशे वर्षं जुन्या युक्तीला हसत असतो.

माझी आई मुरबाड तालुक्यातली. तिचे वडील, म्हणजे आमचे आबा, म्हशाच्या यात्रेला जाऊन तमाशा बघणारे आणि तंबूतला सिनेमाही बघणारे. दादांचे सिनेमे त्यांनी तंबूतच पाहिले. दादांची हाफ पँट आणि लोंबणारी नाडी आली रे आली की शिट्ट्या सुरू व्हायच्या, असं ते सांगायचे. दादांवर अश्लीलतेचा शिक्का बसला, सेन्सॉरशी त्यांच्या झटापटी झाल्या. पण द्वयर्थी विनोदाचं तंत्र बघा, किती हुशार आहे! बोलणारा निरागस चेहऱ्याने अर्धंच बोलतो, उरलेला अर्धा प्रेक्षक आपल्या मनात पूर्ण करतो. म्हणजे चावटपणा बोलणाऱ्याचा राहात नाही, ऐकणाऱ्याचा होतो. शिवाय अर्धा विनोद आपणच केलेला असतो, त्यामुळे तो जास्त आवडतो. ओळीने नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी, म्हणजे प्रत्येकी पंचवीस आठवडे. दादांच्या या विक्रमाची नोंद गिनीज बुकात झाली ती काय उगाच नाही.

पण 'सोंगाड्या'ची सुरुवात आठवते का? दादरच्या कोहिनूर थिएटरात त्याला जागा मिळेना, कारण देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लागायचा होता. मग दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर पोचले आणि 'सोंगाड्या' लागला, हा किस्सा प्रसिद्ध आहे. मला त्यात वेगळंच दिसतं. मुंबईतल्या मराठी माणसाला जागा मिळत नव्हती आणि त्याच्या सिनेमालाही मिळत नव्हती. नायगावच्या चाळीत वाढलेल्या दादांना जागा म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

'सोंगाड्या'च्या आदल्याच वर्षी, १९७० मध्ये, राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' आला होता. लग्न होऊन नवं जोडपं मुंबईच्या लहानशा जागेत येतं, जिथे सगळं कुटुंब राहतंय आणि दोघांना बोलायलाही कोपरा नाही. हाच सिनेमा बासू चटर्जींनी १९७२ साली हिंदीत 'पिया का घर' म्हणून केला. 'बनवाबनवी'चा प्रवास उलटा. त्याची गोष्ट १९६६ सालच्या हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'ची, आणि तिचं मूळ बंगालीत. थोडक्यात, कलकत्ता, मुंबई, पुणे असं फिरत फिरत जागेचं रडगाणं हसत हसत गायलं गेलं.

आता एक प्रश्न. घरमालक इतके खडूस का? इथे सिनेमा सोडून थोडं कायद्याकडे जावं लागेल (कंटाळू नका, दोनच परिच्छेद). १९४७ साली मुंबई प्रांताने भाडेनियंत्रण कायदा केला. जुन्या जागांची भाडी त्याने साधारण १९४० च्या पातळीवर बांधून टाकली आणि भाडेकरूला बाहेर काढणं महाकठीण केलं. हेतू चांगला होता. युद्धानंतरची टंचाई होती, फाळणीनंतर माणसांचे लोंढे येत होते. परिणाम असा झाला की जागा भाड्याने देणं म्हणजे जवळजवळ देऊन टाकणं ठरलं. मग पागडी आली. काही मालकांनी पळवाट म्हणून 'भाडं' न म्हणता 'लीव्ह अँड लायसेन्स'वर जागा द्यायला सुरुवात केली. तर १९७३ च्या दुरुस्तीने सांगितलं, १ फेब्रुवारी १९७३ ला जे अशा लायसेन्सवर राहात होते तेही भाडेकरूच!

झालं. मालकाने कानाला खडा लावला. बंद फ्लॅटला कुलूप परवडलं, पण माणूस नको. द्यायचीच वेळ आली तर अशा माणसाला द्यावी, ज्याच्याकडून भीती कमी. लीलाबाईंची 'जोडपंच हवं' ही अट त्यांच्या स्वभावातून आली असं आपण धरून चालतो, पण ती या हवेतून आलेली आहे. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि मुदत संपली की लायसेन्सवाल्याकडून जागा परत मिळवणं सोपं झालं. अकरा महिन्यांचे करार सुखाने होऊ लागले. कायद्यातली भीती गेली, मालकाच्या मनातली अट मात्र तशीच राहिली. माझा शनिवार त्याचा पुरावा आहे :-)

म्हणूनच 'बनवाबनवी'त घरमालक खलनायक नाहीत हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सुधीर जोशींचे विश्वास सरपोतदार चिक्कू असतील, पण दुष्ट नाहीत. लीलाबाई तर प्रेमळच. प्रेक्षकांत भाडेकरू होते तसे मालकही होते आणि दोघांना एकाच वेळी हसता आलं. तंत्राच्या बाजूने बघितलं तर सगळी गुपितं प्रेक्षकाला आधीच सांगून टाकली आहेत. साडीत कोण आहे हे आपल्याला माहीत, बाईंना माहीत नाही. त्यामुळे दाराची कडी वाजली की विनोद व्हायच्या आधीच आपल्या पोटात गोळा येतो. पकडले गेले तर? तर घर जाईल. प्रत्येक हशाच्या खाली ही धाकधूक आहे. त्याच काळात महेश कोठाऱ्यांचा 'धूमधडाका' (१९८५) आला. तोही मूळ तमिळ सिनेमावरून घेतलेला, वेगवान आणि मस्त. मला तो आवडतो. पण त्यात कुणाचं छप्पर जाणार नसतं, म्हणून तो बघताना पोटात गोळा येत नाही. सत्तर रुपयांचा प्रसंग आजही चालतो, कारण सत्तर रुपये नसणं म्हणजे काय हे बघणाऱ्याला माहीत होतं. गरज खरी असेल तर सोंग कितीही अचाट चालतं. गरज खोटी असली की साडी नेसलेला नट नुसता साडी नेसलेला नट उरतो.

अर्थात सगळं कौतुकच करायचं नाहीये. या सिनेमांनी लग्नाची अट घेतली, आडनावाची नाही घेतली. माझ्या टीममधल्या एका मित्राला या वर्षी दोनदा टोकन परत मिळालं, कारण आधार कार्डवरचं नाव वाचल्यावर मालकाला अचानक आठवलं की भाचा राहायला येणार आहे. त्याच्यासाठी सबनीसांकडेही सोंग नव्हतं. साडी नेसता येते, नाव कुठे लपवणार? त्या गोष्टीवर सगळ्यांना एकत्र हसवणारा मराठी सिनेमा मी तरी अजून पाहिलेला नाही. कुणी लिहिला तर पहिल्या दिवशी पहिला खेळ बघेन.

असो. आता आसनगावकडे येतो. शहापूर तालुक्याची एक गंमत सांगतात. तानसा, भातसा इथे, त्यांचं पाणी जातं मुंबईला, आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकर. त्याच्या उलट दिशेने काय येतं? जागा न मिळालेली माणसं. गिरणगावातून डोंबिवली, मग कल्याण, मग टिटवाळा, वासिंद, आसनगाव. संध्याकाळच्या आसनगाव लोकलमध्ये लटकणारा प्रत्येकजण कधी ना कधी कुठल्यातरी शहराला "जागा आहे का?" विचारून आलेला असतो. आमचे बाबा लालबागच्या चाळीत दहा बाय बारामध्ये आठ जणांत वाढले आणि लग्नानंतर दोन वर्षांनी इथे आले. पुढची पंचवीस वर्षं रोज जाऊन-येऊन साडेतीन तास गाडीत. मला लहानपणी ते फक्त रविवारी दिसायचे. 'मुंबईचा जावई' टीव्हीवर लागला की ते उठून बाल्कनीत जायचे, एवढं मात्र मला पक्कं आठवतं.

त्या रात्री सिनेमा संपल्यावर मी एजंटचं सांगितलं. वाटलं, बाबा म्हणतील खोटं बोलू नकोस. ते म्हणाले, "आम्ही पण बोललो होतो की." आसनगावला यायच्या आधी सहा महिने ते कल्याणला भाड्याने होते. मालकाची अट होती, दोघंच राहायचं. आणि आजी तर सोबत. मग आजी 'पाहुणी'! भाडं घ्यायला मालक यायच्या दिवशी सकाळीच आजी कापडी पिशवी घेऊन निघायची, स्टेशनच्या बाकावर बसून राहायची आणि दुपारी परत यायची. सहा महिने. दर महिन्याला.

हे सांगताना बाबा हसत होते. आई नव्हती हसत. ती म्हणाली, "एकदा भर पावसात गेल्या होत्या त्या."

मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. टीव्हीवर साबणाच्या जाहिराती चालू होत्या. शेवटी बाबाच म्हणाले, "तू सांग खरं काय ते. नाही दिली जागा तर दुसरी बघू."

जागा अजून मिळालेली नाही. पुढच्या शनिवारी परत जायचंय, त्यामुळे पुढचा लेख एक आठवडा उशिराने.