खिमा, प्रत आणि विश्वास : जपानी गोमांसाच्या इतिहासातील एक प्रकरण

जपानी गोमांसाची कीर्ती मांसाच्या अखंड तुकड्यावर उभी आहे. तांबड्या मांसात पसरलेली पांढऱ्या चरबीची बारीक जाळी डोळ्यांनी पाहता येते, तिच्यावरून प्रत ठरते आणि प्रतीवरून किंमत ठरते. जपानी भाषेत या जाळीला 'शिमोफुरी', म्हणजे पडलेले दहिवर, असे सुंदर नाव आहे. परंतु हेच मांस यंत्रातून काढून त्याचा खिमा केला, की ही जाळी नाहीशी होते. मांस कोणत्या जनावराचे, शरीराच्या कोणत्या भागाचे आणि किती जनावरांचे, यांपैकी कशाचाही निर्णय केवळ पाहून करता येत नाही. तरीही उंची 'वाग्यू' खिमा आज जपानमध्ये आणि जपानबाहेरही घरगुती स्वयंपाकासाठी विकला जातो व गिऱ्हाईक त्यासाठी अधिक दाम मोजते. डोळ्यांना न दिसणाऱ्या गुणासाठी दिले जाणारे हे दाम कोणत्या आधारावर दिले जाते, हा प्रश्न वरवर पाहता पाकशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचा प्रश्न आहे.

या इतिहासाचा आरंभ निषेधापासून होतो. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मू याने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यास बंदी करणारी आज्ञा काढली. भारतातून चीन व कोरियामार्गे जपानात पोहोचलेल्या बौद्ध धर्मातील अहिंसेच्या शिकवणीशी या आज्ञेचा संबंध जोडला जातो आणि तो निराधार नाही. तथापि आज्ञेतील दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, बंदी वर्षभराची नव्हती. ती चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंतची, म्हणजे भातशेतीच्या हंगामाची होती. दुसरी, हरिण आणि रानडुक्कर या शिकारीच्या प्राण्यांचा तीत समावेश नव्हता. यावरूनच हारादा नोबुओ यांच्यासारख्या इतिहासकारांनी या आज्ञेचा संबंध भातशेतीच्या संरक्षणाशी लावला. बैल हा नांगराचा प्राणी होता. त्याची कत्तल म्हणजे पुढच्या पिकाची हानी होती. धर्मभावना आणि शेतीची गरज यांचा असा मिलाफ झाल्यामुळेच पुढे हा निषेध दीर्घकाळ टिकला.

निषेध टिकला याचा अर्थ मांस कोणीच खाल्ले नाही, असा मात्र नव्हे. एदो काळात 'कुसुरिगुई', म्हणजे औषध म्हणून केलेले भक्षण, या नावाखाली मांसाहारास वाट मिळत असे. हिकोने येथील ई घराण्याच्या संस्थानातून मिसोमध्ये मुरवलेले गोमांस शोगुनकडे नजराणा म्हणून जात असे. मेलेल्या जनावरांची विल्हेवाट लावणे, कातडी कमावणे ही कामे मात्र अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाकडे होती. निषेधाचा भार समाजातील सर्व थरांवर सारखा पडला नव्हता, हे येथे ध्यानी ठेवले पाहिजे. १८७१ च्या फर्मानाने या समाजाचा हीन दर्जा कायद्याने रद्द झाला. व्यवहारातील भेदभाव मात्र त्यानंतरही दीर्घकाळ राहिला.

१८५९ मध्ये योकोहामा आणि १८६८ च्या आरंभी कोबे ही बंदरे परकीय व्यापारास खुली झाली. तेथे राहावयास आलेल्या पाश्चात्त्यांना गोमांस हवे होते. कोबेच्या उत्तरेस असलेल्या ताजिमा या डोंगराळ प्रदेशातील लहान, काळ्या, काटक बैलांचे मांस त्यांच्या पसंतीस उतरले आणि 'कोबे' हे बंदराचे नाव मांसाचे नाव झाले. जनावर एका ठिकाणचे आणि नाव दुसऱ्या ठिकाणचे, असा हा आरंभ पुढील घटनांच्या दृष्टीने सूचक आहे.

मेइजी शासनाने मांसाहारास प्रगतीचे चिन्ह मानले. फुकुझावा युकिची यांनी १८७० मध्ये मांसाहाराचा पुरस्कार करणारा लेख लिहिला. कानागाकी रोबुन यांच्या १८७१-७२ मधील 'आगुरानाबे' या विनोदी पुस्तकाची पार्श्वभूमी गोमांसाच्या रश्श्याच्या खाणावळीची आहे. जानेवारी १८७२ मध्ये खुद्द सम्राटाने गोमांस सेवन केल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी बौद्ध भिक्षूंना मांसाहाराची व विवाहाची मोकळीक देण्यात आली. हा बदल निर्वेधपणे झाला नाही. फेब्रुवारी १८७२ मध्ये काही तपस्वी राजवाड्यात घुसू पाहत असता रक्षकांशी झालेल्या झटापटीत त्यांच्यापैकी काही जण ठार झाले. जपानी लोक मांसाहारी झाल्यामुळे देशाचे पावित्र्य नष्ट होत आहे, अशी त्यांची धारणा होती. सामान्य जनतेने मात्र नवा पदार्थ आपल्या चवीत बसवून घेतला. 'ग्यूनाबे' म्हणजे सोया व मिसो यांच्या रसात शिजवलेले गोमांस. त्यातील मांस नवे होते, रस जुनाच होता.

मांसाची मागणी वाढल्यावर जनावराकडे लक्ष वळले. १९०० च्या सुमारास शासनाने ब्राउन स्विस, सिमेंटाल, आयरशायर, शॉर्टहॉर्न, डेव्हन इत्यादी परदेशी जातींशी देशी गाईंचा संकर करण्यास उत्तेजन दिले. संकरित जनावरे आकाराने मोठी झाली, परंतु शेतकामास ती कमी उपयोगी ठरली आणि मांसाचा कसही उतरला. १९१० च्या सुमारास ही लाट ओसरली. त्यानंतर निवड व नोंदणी यांच्या साहाय्याने संकरित संततीतून स्थिर जाती घडविण्याचे काम झाले. १९४४ मध्ये काळी, तपकिरी आणि बिनशिंगी अशा तीन जातींना, आणि १९५७ मध्ये शॉर्टहॉर्न जातीला मान्यता मिळाली. 'वाग्यू' या शब्दाचा अर्थ केवळ 'जपानी गाय-बैल' एवढाच आहे. कायदेशीर व व्यापारी अर्थाने तो या चार जातींना लावला जातो. तेव्हा जे मांस आज प्राचीन परंपरेचे म्हणून विकले जाते, ते विसाव्या शतकातील नोंदवह्यांचे अपत्य आहे. याचा ठळक पुरावा म्हणजे १९३९ मध्ये ह्योगो प्रांतात जन्मलेला ताजिरी हा वळू. काळ्या जातीच्या प्रजननक्षम गाईंपैकी ९९.९ टक्के गाईंची वंशावळ त्याच्यापर्यंत पोहोचते, असे २०१२ च्या पाहणीत आढळले. महायुद्धानंतरच्या दोन दशकांत यांत्रिक नांगर शेतात आले, बैलाचे ओढकाम संपले आणि तेम्मूच्या आज्ञेमागील शेतीचे कारण उरले नाही. जनावर केवळ मांसासाठी पाळले जाऊ लागले.

प्रतवारीची आजची पद्धती १९८८ मधील सुधारणेतून आली. तीत दोन स्वतंत्र निकष आहेत. ए, बी, सी ही अक्षरे कत्तलीनंतर धडातून मिळणाऱ्या मांसाचे प्रमाण सांगतात; १ ते ५ हे आकडे मांसाची प्रत सांगतात. चरबीची जाळी, मांसाचा रंग व चकाकी, घट्टपणा व पोत, चरबीचा रंग व गुण या चार बाबींवरून हा आकडा ठरतो. जाळीसाठी १ ते १२ अशी वेगळी श्रेणी असून ८ ते १२ या श्रेणी पाचव्या प्रतीत मोडतात. 'ए-५' मधील 'ए' हे अक्षर खाणाऱ्यास चवीविषयी काहीच सांगत नाही. ते व्यापाऱ्याच्या हिशोबाचे अक्षर आहे. त्याच वर्षी अमेरिका व ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारांनुसार एप्रिल १९९१ पासून गोमांसाच्या आयातीवरील परिमाणाची मर्यादा उठली. स्वस्त परदेशी मांसाशी किमतीत स्पर्धा करणे अशक्य असल्यामुळे जपानी शेतकऱ्याने प्रतीवर भर दिला. जाळी अधिकाधिक दाट होत गेली, ती या स्पर्धेच्या काळात.

ही प्रत धडाच्या सहाव्या व सातव्या बरगडीमधील छेदावरून ठरवली जाते. खिमा मात्र बहुधा मान, पायाच्या नळीचा भाग आणि उंची तुकडे कापताना निघणारी छाटण यांचा होतो. म्हणजे ज्या जागेची परीक्षा झाली, ती जागा खिम्यात क्वचितच येते. 'ए-५ वाग्यूचा खिमा' हे वर्णन खोटे नसते. पण ते जनावराविषयी बोलते, पुढ्यातील खिम्याविषयी नव्हे.

सप्टेंबर २००१ मध्ये जपानात गाईंच्या मेंदुरोगाचे पहिले प्रकरण उघडकीस आले आणि गिऱ्हाइकाचा विश्वास ढासळला. त्यावर उपाय म्हणून २००३ मध्ये गोमांसाच्या मूळशोधाचा कायदा झाला. प्रत्येक जनावरास दहा अंकी क्रमांक मिळाला आणि डिसेंबर २००४ पासून तो विक्रीच्या वेष्टनावर दाखवणे बंधनकारक झाले. त्या क्रमांकावरून जनावराची जात, जन्मतारीख आणि पालनाचे ठिकाण कोणासही पाहता येते. परंतु या कायद्यातून खिमा आणि छाटणीचे तुकडे वगळले गेले. कारण व्यवहार्य होते : अनेक जनावरांचे तुकडे एकत्र दळले गेल्यावर एक क्रमांक लावणार तरी कोणता? परिणाम असा झाला, की ज्या रूपात मांसाची ओळख सर्वांत कठीण, नेमक्या त्याच रूपाला ओळखपत्राची सक्ती राहिली नाही. ही फट कल्पनेतली नव्हती. जून २००७ मध्ये होक्काइदोमधील एका कंपनीने गोमांसाचा म्हणून विकलेल्या खिम्यात डुकराचे व इतर मांस मिसळल्याचे उघड झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये शासनाने 'वाग्यू' हे नाव जपानात जन्मलेल्या व वाढलेल्या, त्या चार जातींच्या अथवा त्यांच्या परस्पर संकरातील जनावरांपुरते मर्यादित करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली होती. परदेशात या तत्त्वांचा अंमल नव्हता. अमेरिकेत १९७६ मध्ये चार जपानी वळू पोहोचले होते आणि तेथील पुष्कळसे 'वाग्यू' मांस अँगस गाईंशी झालेल्या संकरातून येते. कोबे गोमांसाची अधिकृत निर्यात २०१२ मध्ये प्रथमच सुरू झाली. तत्पूर्वी अमेरिकेतील उपाहारगृहांत 'कोबे' नावाने जे खिम्याचे पदार्थ विकले जात, त्यांचा कोबेशी संबंध केवळ नावापुरता होता.

घरगुती स्वयंपाकात खिम्याचे मुख्य रूप 'हाम्बागु' हे आहे. मुळात पाश्चात्त्य असलेला हा पदार्थ युद्धोत्तर काळात जपानी घरात रुळला. गोमांस महाग असल्याने त्यात डुकराचे मांस मिसळून केलेला 'आइबिकी' खिमा सर्रास वापरला जातो. परतलेला कांदा, दुधात भिजवलेला पावाचा चुरा आणि अंडे हे त्याचे इतर घटक. पावाचा चुरा हा केवळ काटकसरीचा उपाय समजणे चुकीचे ठरेल. वाग्यूच्या चरबीत ओलेइक आम्लाचे प्रमाण अधिक असल्याने ती कमी उष्णतेत, हाताच्या उबेनेसुद्धा, मऊ होते. चुरा नसेल तर ती तव्यावर वाहून जाते आणि ज्यासाठी अधिक दाम दिले, तोच भाग वाया जातो. म्हणून मांस थंड ठेवून, आधी मीठ लावून चिकटपणा येईपर्यंत झटपट मळणे, गोळ्याच्या मध्यभागी खळगा करणे आणि दोन्ही बाजू भाजल्यावर झाकण ठेवून वाफेवर शिजवणे, ही रीत पडली.

येथेही अखंड तुकडा आणि खिमा यांतील भेद निर्णायक ठरतो. जंतू सामान्यतः मांसाच्या पृष्ठभागावर असतात. अखंड तुकडा बाहेरून भाजला तर ते मरतात. खिमा करताना पृष्ठभागच आत जातो. १९९३ मध्ये अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या खिम्यातून ओ-१५७ जंतूंचा प्रसार होऊन चार मुले दगावली. जपानात एप्रिल २०११ मध्ये बारीक कापलेले कच्चे गोमांस खाल्ल्याने ओ-१११ जंतूंची बाधा होऊन पाच जणांचा मृत्यू झाला, आणि त्याच वर्षी कच्च्या गोमांसासाठी कठोर नियम लागू झाले. खिम्याचा मध्यभाग किमान ७५ अंश सेल्सिअसवर एक मिनिट शिजावा, असा जपानमधील दंडक आहे. प्रत कितीही उंची असो, या दंडकास अपवाद नाही. लालसर, अर्धकच्चे मांस ही उंची चवीची खूण मानणाऱ्यांनी अखंड तुकड्याचा नियम खिम्याला लावलेला असतो.

या विवेचनावरून असे दिसते, की जपानी गोमांसाचे मूल्य क्रमाक्रमाने दृश्य खुणांवर, नोंदवह्यांवर आणि क्रमांकांवर उभे राहिले, आणि खिमा या तिन्ही आधारांच्या कक्षेबाहेर राहिला. तेथे उरतो तो विकणारा आणि घेणारा यांच्यातील विश्वास. ज्यास तो पडताळून पाहावयाचा असेल, त्याला एक जुनाच मार्ग आहे : क्रमांक असलेला अखंड तुकडा निवडावा आणि तो आपल्या देखत दळून घ्यावा, अथवा घरी सुरीने बारीक करावा. अशा वेळी मांसाची ओळख दळण्यापूर्वीच हातात आलेली असते. कायद्याने जी जबाबदारी घेतली नाही, ती अशा प्रकारे स्वयंपाकघरात घेतली जाते.