जुनी पण जातिवंत मोटारसायकल

जुन्या वाहनांच्या बाजारांत दोन प्रकारच्या गाड्या स्वस्त मिळतात. कांहीं मुळांतच हलक्या प्रतीच्या असतात; कांहीं उत्तम असूनहि लोकांची आवड पालटल्यामुळें मागें पडलेल्या असतात. पहिल्यांपासून दूर राहणें व दुसऱ्या हुडकून काढणें ह्यांतच घेणाराचें चातुर्य. युरोपांतील बाजारांत हें दुसरें वर्णन जिला नेमकें लागू पडतें, ती म्हणजे ‘स्पोर्ट्स-टूरिंग’ या नांवानें ओळखली जाणारी मोटारसायकल. शर्यतीच्या गाडीची चपळाई आणि लांबच्या प्रवासाची सुखसोय हीं दोन्ही एकाच सांगाड्यांत बसविण्याचा जो प्रयत्न अनेक कारखान्यांनीं पिढ्यान् पिढ्या केला, त्याचें ती फळ होय. ज्याला एकच गाडी परवडते, आणि त्याच गाडीनें रोज कचेरीला जाऊन सुटीच्या दिवशीं तीनचारशें किलोमीटरांचा पल्लाहि गांठावयाचा असतो, त्याच्यासाठीं ही जात जणूं मुद्दाम निर्माण झाली आहे. परंतु ती निवडतांना तिचा इतिहास ठाऊक असावा लागतो. कोणत्या पिढीनें कोणता गुण मिळविला आणि कोणता दोष मागें ठेवला, हें इतिहासावांचून कळत नाहीं.

ह्या जातीच्या जन्मास वारा कारण झाला. मोटारीच्या प्रवाशाला कांचेचा व पत्र्याचा आडोसा असतो. मोटारसायकलस्वार उघड्या छातीनें वाऱ्याला सामोरा जातो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ५० किलोमीटरांचा वेग १०० वर नेला, तर विरोध चौपट होतो आणि तो मोडून काढण्यास लागणारी शक्ति आठपट होते. इंजिन ही शक्ति पुरवूं शकतें. स्वाराची मान, मनगटें व खांदे ती पुरवूं शकत नाहींत. म्हणून खरा प्रश्न इंजिनाचा जोर वाढविण्यापुरता कधींच नव्हता. तो जोर माणसाला तासन् तास सोसेल असा कसा करावा, हा खरा प्रश्न होता.

हा प्रश्न धिटाईनें हातीं घेणारांत इंग्लंडमधील स्टीव्हनेज येथील फिलिप व्हिन्सेंट यांचें नांव अग्रभागीं येतें. त्यांच्या कारखान्यानें १९४८ सालीं ‘ब्लॅक शॅडो’ नांवाची ९९८ घनसेंटिमीटरांची गाडी बाजारांत आणली. ताशीं १२५ मैल, म्हणजे सुमारें २०० किलोमीटर, हा तिचा वेग त्या काळीं विस्मयकारक होता. पण व्हिन्सेंट यांचें समाधान वेगानें झालें नाहीं. सभ्य गृहस्थानें साध्या पोशाखांत बसून चिखल व पाऊस अंगावर न घेतां दूरचा प्रवास करावा, अशी गाडी त्यांना हवी होती. १९५४ सालीं त्यांनीं ‘ब्लॅक प्रिन्स’ व ‘ब्लॅक नाइट’ ह्या गाड्या पुढें मांडल्या. त्यांचें सर्वांग कांचतंतूंच्या कवचानें झांकलेलें होतें. कल्पना योग्य होती, पण काळ अनुकूल नव्हता. गाड्या महाग, कारखाना लहान. १९५५ सालच्या अखेरीस तेथील मोटारसायकलींचें उत्पादनच बंद पडलें. विचार मात्र उरला.

तो विचार पुरा करण्याचा मान म्यूनिकच्या बीएमडब्ल्यू कारखान्याकडे जातो. १९२३ सालच्या आपल्या पहिल्या मोटारसायकलीपासून ह्या कारखान्यानें एक पद्धति सोडली नव्हती. इंजिनाचीं दोन नळकांडीं दोन बाजूंना आडवीं पसरलेलीं असत, आणि मागच्या चाकाला गति साखळीनें न देतां फिरत्या दांड्यानें दिली जाई. १९७३ सालीं त्यानें ‘आर ९० एस’ काढली. तिच्या दिव्याभोंवतीं लहानसें कवच होतें. पुढें १९७६ सालीं आलेल्या ‘आर १०० आरएस’ ह्या गाडीचें कवच इटलींतील पिनिनफारिना संस्थेच्या वातबोगद्यांत पारखून घडविलें गेलें. कवचाचा आकार डोळ्यांना रुचतो कीं नाहीं, एवढ्यावर त्याचा निकाल ठेवला नव्हता. बोगद्यांतील वाऱ्यानें त्याची परीक्षा घेतली होती. इंजिन ९८० घनसेंटिमीटरांचें आणि शक्ति अवघी ७० अश्वशक्ति. तरी स्वार दिवसभर मोठ्या वेगानें जाऊनहि थकून जात नसे. आधुनिक स्पोर्ट्स-टूरिंग गाडीची परंपरा बहुधा येथूनच मोजली जाते.

ही गाडी सामान्य नोकरदाराच्या आवांक्याबाहेरची होती. तीच सोय अनेकांच्या हातीं देण्याचें काम जपानी कारखान्यांनीं केलें. १९६९ सालच्या होंडा ‘सीबी ७५०’ नें चार नळकांड्यांचें इंजिन, बटणानें सुरू होण्याची सोय व पुढच्या चाकाला तबकडीचा ब्रेक हीं सामान्य ग्राहकाला मिळवून दिलीं. १९८४ सालीं कावासाकीची ‘जीपीझेड ९०० आर’ आली. पाण्यानें थंड होणारें तिचें इंजिन तिला ताशीं २४० किलोमीटरांच्या आसपास नेई. त्याच वर्षीं यामाहाची ‘एफजे ११००’ आली. १९८६ सालीं कावासाकीनें ‘जीटीआर १०००’ काढली. तिची पेट्रोलची टाकी २८ लिटरांहून मोठी होती, आणि ही गाडी फारसा बदल न होतां सुमारें वीस वर्षें विकली जात राहिली.

ह्याच सुमारास घडलेली एक हकीकत जुनी गाडी घेणाराला विशेष बोधप्रद आहे. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत होंडानें इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचें चार नळकांड्यांचें नवें इंजिन काढलें. रचना नामी होती. पण पडदे उघडणारे कॅम अकालीं झिजूं लागले आणि कारखान्याच्या लौकिकाला धक्का बसला. दुसरा एखादा कारखाना ती रचनाच टाकून देता. होंडानें ती पुन्हां मुळापासून तपासली. १९८६ सालच्या ‘व्हीएफआर ७५०’ मध्यें कॅम फिरविण्याचें काम साखळीकडून काढून दंतचक्रांकडे दिलें, आणि तेंच इंजिन टिकाऊपणाचा आदर्श म्हणून गणलें जाऊं लागलें. एकाच कारखान्याचें, एकाच आकाराचें इंजिन. पण पहिली पिढी संशयास्पद व दुसरी भरवशाची! नुसतें नांव ऐकून गाडी घेणारा येथेंच फसतो. घेणारानें वर्ष विचारावें, पिढी विचारावी, मग नांव विचारावें.

सुरक्षिततेच्या बाबतींतहि सालाला असेंच महत्त्व आहे. ओल्या रस्त्यावर ब्रेक जोरानें दाबला कीं चाक अडकतें, आणि अडकलेल्या चाकाची दुचाकी स्वाराला खालीं पाडते. चाक अडकूं न देणारा विजेच्या नियंत्रणाचा ब्रेक, म्हणजे एबीएस, १९८८ सालीं बीएमडब्ल्यूनें आपल्या ‘के १००’ गाड्यांवर प्रथम दिला. युरोपांत १२५ घनसेंटिमीटरांवरील नव्या नमुन्यांना तो सक्तीचा होण्यास २०१६ साल उजाडलें. भारतांत तें बंधन २०१८ पासून नव्या नमुन्यांना व २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना लागू झालें. त्यापूर्वींच्या गाड्यांत तो कधीं असतो, कधीं नसतो. एकाच नमुन्याच्या दोन गाड्या समोर असतील, तर थोडे अधिक पैसे मोजून एबीएस असलेली घ्यावी. रोज पावसापाण्यांत हिंडणाराच्या जिवाचें मोल त्या फरकाहून खचित अधिक आहे.

इतक्या गुणी गाड्या स्वस्त कां झाल्या? ह्याचें उत्तर फॅशनच्या इतिहासांत आहे. १९८० सालीं बीएमडब्ल्यूनेंच ‘आर ८० जी/एस’ ही उंच, कच्च्या रस्त्यावरहि चालणारी गाडी काढली, आणि १९८१ सालीं त्याच जातीच्या गाडीनें पॅरिस-डाकार शर्यत जिंकली. पुढें २००४ सालीं युअन मॅकग्रेगर व चार्ली बोरमन ह्या दोन नटांनीं लंडनपासून न्यूयॉर्कपर्यंत केलेला पूर्वेकडचा प्रवास दूरदर्शनवर दाखविला गेला. त्यांच्या गाड्या ह्याच उंच जातीच्या होत्या. ज्याला वाळवंट कधीं पाहावयाचें नव्हतें, तोहि वाळवंटाची गाडी मागूं लागला. लोकांची आवड तिकडे वळली व बुटक्या, कवचधारी प्रवासी गाड्या दुकानांतून एकेक कमी होत गेल्या. गाडी तीच, गुण तेच. मागणी तेवढी उतरली. जाणत्या ग्राहकाची पर्वणी ती हीच.

तरीहि ह्या स्वस्ताईंत एक चकवा आहे. गाडीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची उतरत नाहीं. एके काळची श्रीमंती गाडी जुन्या बाजारांत मध्यम किंमतीला मिळते. तिचे टायर, कवचाचे तुकडे व दुरुस्तीची मजुरी मात्र श्रीमंती दरानेंच द्यावी लागते. म्हणून गरज व ऐपत ह्यांची सांगड घालून ह्या जातीचे तीन वर्ग डोळ्यांसमोर ठेवावे.

पहिला वर्ग भारदस्त गाड्यांचा. १९९० सालची होंडा ‘एसटी ११००’ किंवा बीएमडब्ल्यूच्या ‘के’ मालिकेंतील गाड्या ह्यांत मोडतात. त्यांच्या फिरत्या दांड्याला साखळीसारखें रोज जपावें लागत नाहीं, आणि त्या लाखों किलोमीटर सेवा देतात. पण ‘एसटी ११००’ सारख्या सुमारें ३०० किलोमीटर-तोल नव्हे, ३०० किलोग्रॅम वजनाच्या गाडीला शहरच्या गर्दींत रोज सांवरणें हें मल्लाचें काम आहे. दुसरा वर्ग मध्यम गाड्यांचा. १९९८ पासूनची होंडा ‘व्हीएफआर ८००’ व १९९९ ची ट्रायंफ ‘स्प्रिंट एसटी’ ह्या त्यांतील नामांकित होत. ‘व्हीएफआर’ मध्यें २००१ पर्यंत दंतचक्रांचीच रचना होती; २००२ पासून तिची जागा साखळीनें घेतली व पडदे उघडण्याची नवी, गुंतागुंतीची पद्धति आली, त्यामुळें त्या पिढीची देखभाल अधिक खर्चाची ठरते. तिसरा वर्ग हलक्या, अर्ध्या कवचाच्या गाड्यांचा. १९९५ ची सुझुकी ‘बँडिट ६००’, १९९८ ची यामाहा ‘फेझर ६००’ व १९९९ ची सुझुकी ‘एसव्ही ६५०’ ह्या त्यांत येतात. त्यांची रचना साधी, टायर तुलनेनें स्वस्त, आणि पडल्यास नुकसान थोडें. ज्याचा मुख्य प्रवास घर ते कचेरी असा आहे, त्यानें प्रथम ह्याच वर्गाकडे पाहावें. महाराष्ट्रांतील ग्राहकाला ह्या वर्गाशीं जवळचें नातें सांगणारी गाडी म्हणजे कावासाकी ‘निंजा ६५० आर’. पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीनें ती २०११ सालीं भारतीय बाजारांत आणली.

निवड झाल्यावर परीक्षा. विकणाराकडे जातांना इंजिन थंड ठेवण्यास आधींच सांगावें. तापलेलें इंजिन आपले दोष लपवितें. सांगाड्यावरचा व इंजिनावरचा क्रमांक कागदपत्रांशीं ताडून पाहावा. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आंकडे असतात. ‘२३१५’ म्हणजे २०१५ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतील टायर. नक्षी शाबूत असली तरी जुनाट रबर ओल्या रस्त्यावर दगा देतें. पुढच्या काट्याच्या नळ्यांवर तेल ओघळलें आहे काय, मधोमध येतांना हँडल अडखळतें काय, साखळीचीं दंतचक्रें अणकुचीदार झालीं आहेत काय, हें पाहावें. पावदानाचें टोंक व ब्रेकच्या दांडीचें टोंक घांसलेलें असेल, तर गाडी पडलेली आहे, कवच कितीहि चकचकीत असो. जुन्या ‘व्हीएफआर’ गाड्यांत विजेचा दाब आवरणारा रेग्युलेटर जळण्याची तक्रार सर्वज्ञात आहे. म्हणून इंजिन मध्यम गतीनें चालू ठेवून बॅटरीवरचा दाब मोजावा. तो १४ व्होल्टच्या आसपास असावा.

सर्वांत मोलाची वस्तु मात्र गाडीवर नसते. ती विकणाराच्या कपाटांत असते. तेल केव्हां बदललें, पडद्यांचें अंतर केव्हां तपासलें, ब्रेकचें द्रव्य केव्हां नवें भरलें, ह्यांच्या पावत्या ज्यानें जपून ठेवल्या, त्यानें बहुधा गाडीहि जपली असते. अशी गाडी ऐंशी हजार किलोमीटर धावलेली असली तरी घ्यावी. आणि दहा वर्षें कोपऱ्यांत धूळ खात पडलेली, अवघी दहा हजार धावलेली गाडी सांशंक मनानेंच पाहावी. चालती गाडी झिजते, पण उभी गाडी कुजते.

व्हिन्सेंट यांना जी गाडी थोड्या धनिकांनाहि पुरेशी विकतां आली नाहीं, तिचीच वारस आज सामान्य नोकरदाराला परवडते. मधल्या काळांत वाऱ्याची परीक्षा झाली, कॅम झिजले व सुधारले, ब्रेक शहाणे झाले, आणि शेवटीं फॅशननें पाठ फिरविली. ह्या सर्वांचा लाभ त्यालाच मिळतो, जो चकाकीवर न भुलतां साल विचारतो, पावत्या मागतो आणि आपला रोजचा रस्ता डोळ्यांपुढें ठेवून गाडी निवडतो.