सूतिकाज्वर

प्रसूतीनंतर किंवा गर्भपातानंतर जननमार्गातून शिरणाऱ्या जंतूंमुळे होणारा गंभीर रोग. वार सुटल्यावर गर्भाशयाची आतली बाजू उघड्या जखमेसारखी असते; तेथून स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनस, ई. कोलाय इत्यादी जंतू रक्तात पसरले की जिवावर बेतते. लांबलेली प्रसूती, आत राहिलेला वारेचा तुकडा, सिझेरियन यांमुळे धोका वाढतो. बहुधा पहिल्या दहा दिवसांत थंडी वाजून ताप येतो, ओटीपोट दुखते, स्रावाला दुर्गंधी येते. स्ट्रेप्टोकॉकस असल्यास दुर्गंधी नसतेही. म्हणून वासावर विसंबू नये. नाडी व श्वास जलद होणे, रक्तदाब उतरणे, लघवी कमी होणे, बरळणे ही लक्षणे दिसताच तासाभरात शिरेवाटे प्रतिजैविके सुरू करावी लागतात. त्याआधी तपासणीसाठी रक्त घेतात, पण त्यापायी उपचार लांबवू नयेत. सलाइन देतात, राहिलेली वार काढतात.

१८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस यांनी व्हिएन्नाच्या रुग्णालयात शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तरीही अनेक समकालीन वैद्यांनी त्यांचे म्हणणे नाकारले, ही फार क्लेशदायक गोष्ट. प्रभावी औषध मात्र १९३५ नंतर, सल्फा औषधांच्या रूपाने मिळाले; पेनिसिलीन त्यानंतरचे.