गळक्या बादलीची कुळकथा

एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा कचेरीच्या जिन्याखालील कुलूपबंद कपाटात जी चपटी, अहोरात्र पंख्याची घरघर करणारी पेटी असते, आणि जिच्या दर्शनी बाजूवर चोवीस किंवा अठ्ठेचाळीस पोर्टांची रांग हिरव्या दिव्यांनिशी लुकलुकत असते, त्या स्विचवर एखाद्या पोर्टाला वेगमर्यादा घालावयाची झाल्यास अभियंत्याला फारसे काही लिहावे लागत नाही. कोणत्या रहदारीला हा नियम लागू आहे ते सांगावयाचे, 'पोलिस' हा शब्द टंकावयाचा, त्यापुढे दर सेकंदास किती बिटे जाऊ द्यावयाची तो आकडा घालावयाचा, त्यापुढे आणखी एक आकडा, आणि शेवटी मर्यादा ओलांडणाऱ्या पॅकेटाची वासलात कशी लावावयाची याचा हुकूम: ते टाकून द्यावे, की खालचा दर्जा देऊन पुढे जाऊ द्यावे. पहिल्या आकड्याविषयी दुमत नसते, कारण तो करारात नमूद असतो आणि त्याचे पैसे मोजलेले असतात. दुसरा आकडा मात्र बहुतेक जण कोठून तरी उतरवून घेतात. माझे मत असे की, वेगमर्यादेच्या विद्येचा खरा इतिहास हा या उपेक्षित दुसऱ्या आकड्याचाच इतिहास आहे.

टेलिफोनच्या अमदानीत अशा मर्यादेचे प्रयोजनच नव्हते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या अ‍ॅग्नर एर्लांग या गणितज्ञाने १९०९ साली रहदारीच्या गणितावरील आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्यापुढील प्रश्न एवढाच होता की, इतक्या ग्राहकांसाठी किती तारा पुरतील. कारण ग्राहकाला तार मिळे किंवा मिळत नसे, आणि एकदा मिळाल्यावर तो कितीही घाईने बोलला तरी त्या एका तारेपलीकडे त्याची मजल जाणे शक्य नव्हते. प्रवेश हीच मर्यादा होती. १९६९ मध्ये अमेरिकेत अर्पानेट सुरू झाले आणि ही सोय संपुष्टात आली. एकाच तारेवर अनेकांची पॅकेटे एकामागून एक धावू लागली, आणि कोणी किती पाठवावी याला वरकरणी काही धरबंध उरला नाही.

या अव्यवस्थेवर तोडगा काढणाऱ्यांत डोनाल्ड डेव्हिस या ब्रिटिश शास्त्रज्ञाचे नाव आधी घेतले पाहिजे. टेडिंग्टन येथील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या या संशोधकाने १९७२ साली अशी तजवीज सुचविली की, संपूर्ण जाळ्यात ठरावीक संख्येचे परवाने फिरते ठेवावेत, परवाना हाती असल्यावाचून कोणत्याही पॅकेटाला आत घेऊ नये, आणि पॅकेट मुक्कामी पोहोचताच त्याचा परवाना मोकळा करून पुन्हा फिरतीवर धाडावा. कल्पना मोठी देखणी होती. परंतु तिने जाळ्यातील एकूण गर्दी बांधली गेली, तरी तीच गर्दी एका कोपऱ्यात तुंबण्याला प्रतिबंध होत नव्हता. ती योजना मागे पडली. पाठविण्याचा हक्क हा मोजता येणाऱ्या नाण्याच्या रूपात आधीच वाटून ठेवता येतो, हा विचार मात्र तिने मागे ठेवला.

गर्दीचे संकट पुढे प्रत्यक्षच येऊन ठेपले. जॉन नेगल यांनी जानेवारी १९८४ मध्ये लेखी इशारा देऊन ठेवला होता की, पोचपावती वेळेवर न आल्यामुळे यंत्रे तीच पॅकेटे पुनःपुन्हा पाठवीत राहिली, तर जाळे काम करीत असल्यासारखे दिसेल, पण पदरात काहीच पडणार नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तेथून अवघ्या ४०० यार्डांवरचे बर्कली विद्यापीठ यांच्यामधील वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. चाळीस बिटे म्हणजे पाच अक्षरे. चालत जाऊन चिठ्ठी देऊन येणारा शिपाई त्याहून जलद ठरला असता. व्हॅन जेकबसन यांनी या प्रसंगाचा छडा लावून १९८८ साली जो उपाय मांडला, तो पाठविणाऱ्याने स्वतःला आवर घालण्याचा होता: पॅकेट हरवले म्हणजे पुढे गर्दी आहे असे समजावे आणि आपला वेग निम्म्यावर आणावा. आजही इंटरनेट चालते ते मुख्यतः या आत्मसंयमावर. पण सर्वच पाठविणारे संयमी असतील असे गृहीत धरून जाळ्याचा बंदोबस्त करता येत नाही.

योगायोग असा की, त्याच ऑक्टोबर १९८६ मध्ये सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे जोनाथन टर्नर यांचा भावी दूरसंचारासंबंधीचा एक लेख प्रसिद्ध झाला, आणि त्यात गळक्या बादलीची युक्ती सांगितलेली होती. प्रत्येक ग्राहकाच्या नावे एक मोजणीचा आकडा ठेवावा. त्याने पॅकेट पाठविले की आकडा वाढवावा, आणि ठरावीक काळाने तो आपोआप कमी करीत जावा. वाढविताना आकडा ठरलेल्या रेषेपलीकडे जाऊ लागला, तर ते पॅकेट टाकून द्यावे. बादलीच्या भोकाचा आकार म्हणजे कायमचा दर, आणि बादलीची खोली म्हणजे क्षणिक उतावीळपणाला दिलेली सवलत. आपल्याकडे शिवपिंडीवर टांगलेल्या गळतीत पुजाऱ्याने एकदम तांब्या उपडा केला तरी खाली धार थेंबाथेंबानेच पडते. टर्नर यांच्या बादलीतले पाणी मात्र पॅकेटांचे नाही, त्यांच्या हिशेबाचे आहे. रेषेच्या आत असलेले पॅकेट जराही न थांबता पुढे जाते, हिशेब तेवढा मागे सावकाश गळत राहतो. अँड्र्यू टॅनेनबॉम यांच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकाने गळकी बादली म्हणजे पॅकेटांची रांग असे वर्णन केले, आणि नाणी साठविणारी 'टोकन बकेट' ही तिच्याहून निराळी वस्तू म्हणून शिकविली. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या या दोहोंना परस्परविरोधी मानीत आल्या. वस्तुतः टर्नर यांची मोजणीची बादली उलट बाजूने वाचली की टोकन बकेटच होते: एकीत खर्च चढत जातो, दुसरीत शिल्लक उतरत जाते, आणि निवाडा दोन्हींत तोच लागतो.

या युक्तीला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली ती गणिताने. रेने क्रूझ यांनी १९९१ साली असे मांडले की, रहदारीची व्याख्या दोन संख्यांनी पुरी होते: कोणत्याही कालखंडात येणारा माल हा दर गुणिले काळ अधिक एक ठरलेली सवलत, याहून जास्त नसावा. त्यानंतर दोनच वर्षांनी अभय पारेख आणि रॉबर्ट गॅलेगर यांनी सिद्ध केले की, अशा बंधनात आलेल्या प्रवाहांना जाळ्याने न्याय्य वाटणी दिली, तर त्यांना होणारा विलंब किती वाढू शकतो हे आधीच सांगता येते, आणि त्या विलंबाची कमाल मर्यादा प्रामुख्याने सवलतीच्या आकड्याने ठरते. म्हणजे ज्याकडे आपण केवळ औदार्य म्हणून पाहत होतो, तेच खोळंब्याचे माप निघाले.

मधल्या काळात ५३ बाइटांच्या कोशांवर उभारलेल्या, 'एटीएम' नावाच्या दूरसंचार-पद्धतीच्या जाळ्यांनी ही बादली आपल्या मानकांत काटेकोरपणे बसविली. एटीएम इतिहासजमा झाले, बादली राहिली. सप्टेंबर १९९९ मध्ये युहा हेनानेन आणि रॉश गेरँ यांनी इंटरनेटसाठी दोन मसुदे प्रसिद्ध केले, आणि त्यांत एकीऐवजी दोन बादल्या योजून पॅकेटांना हिरवा, पिवळा आणि तांबडा असे तीन रंग दिले. करारात बसणारे ते हिरवे, थोडे चढ झालेले ते पिवळे, हद्द ओलांडलेले ते तांबडे. आजच्या स्विचांतील 'पोलिस' हुकमाचा वंश येथवर थेट पोहोचतो.

स्विचचे कूळ त्याहून वेगळे. १९७३ साली झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात जन्मलेले इथरनेट ही सर्वांची सामाईक तार होती; तीवर दोघे एकदम बोलले की दोघांनीही थांबावे आणि यदृच्छेने ठरलेल्या क्षणानंतर पुन्हा प्रयत्न करावा, एवढाच तेथला शिष्टाचार. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांच्या कल्पना या कंपनीने १९९० च्या सुमारास सात पोर्टांचा पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला, आणि प्रत्येकाला स्वतंत्र दार मिळाले. ती कंपनी १९९४ मध्ये सिस्कोने विकत घेतली. दार स्वतंत्र झाले तेव्हाच दारावर हिशेबनीस बसविणे शक्य झाले.

आता तो दुसरा आकडा, म्हणजे बादलीची खोली, प्रत्यक्ष पाहू. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ३५६० जातीच्या स्विचवर सवलत ८,००० पासून १०,००,००० बाइटांपर्यंत देता येते. समजा, एक गिगाबिटच्या पोर्टावर १० मेगाबिटची मर्यादा घालून कोणी सवलत ८,००० ठेवली. इथरनेटची पूर्ण चौकट १,५१८ बाइटांची. तेव्हा भरलेल्या बादलीत अशा पाच चौकटी मावतात. आजचा संगणक पोचपावतीची वाट न पाहता पहिल्या झटक्यातच सामान्यतः दहा पॅकेटे सोडतो, आणि ती गिगाबिटच्या तारेवरून इतक्या लगोलग येतात की तेवढ्या अवधीत बादलीत दीडशेच्या आसपास बाइटांचीच भर पडते. सहाव्यापासूनची पॅकेटे गळून पडतात. जेकबसन यांच्या नियमानुसार पाठविणारा गर्दी झाली असे समजून माघार घेतो. आणि दहाचे पैसे मोजणाऱ्या ग्राहकाच्या हाती त्याहून बरेच कमी लागते. सेवा देणारा म्हणतो मर्यादा बरोबर आहे, ग्राहक म्हणतो वेग मिळत नाही, आणि दोघेही खरे बोलत असतात.

सिस्कोनेच आपल्या जुन्या वेगमर्यादेच्या सोयीसाठी दीड सेकंदाचा ठोकताळा दिलेला होता: सेकंदाच्या बिटांना आठाने भागावे आणि दीडाने गुणावे. दहा मेगाबिटला हा आकडा १८,७५,००० बाइट येतो, म्हणजे वरील स्विचच्या कमाल मर्यादेच्याही पलीकडे जातो. तेवढी खोल बादली सर्वत्र हवी असे नाही, आणि आवाजाच्या रहदारीला तर ती अपायकारकच ठरेल. परंतु ८,००० आणि १८,७५,००० यांच्या दरम्यान कोठे उभे राहावयाचे, हे ठरविण्याचे काम यंत्राचे नाही. तेव्हा हुकूम टंकणाऱ्या तरुण अभियंत्यांना विनंती एवढीच की, पहिला आकडा करारातून घ्यावा, दुसरा मात्र कोणाचा उतरवून न घेता स्वतः कागदावर मांडून घालावा; आणि ग्राहकाची तक्रार आली तर पहिल्याला हात लावण्यापूर्वी दुसरा तपासावा.