मुंबईच्या पायाखालचा कचरा

टाकाऊ प्लॅस्टिकपासून रस्ते, विटा आणि फरसबंदीचे ठोकळे तयार करण्याच्या प्रयोगांची वार्ता अलीकडे वारंवार कानीं येते. ही कल्पना नवी वाटते. परंतु मुंबईला ती नवी नाहीं. एकोणिसाव्या शतकांतच या शहरानें आपला कचरा आपल्या पायाखालीं घातला होता, आणि त्याचा जो अनुभव आला तो आज विसरण्यासारखा नाहीं.

१७८४ च्या सुमारास महालक्ष्मी व वरळी यांच्यामधील खिंडाराला बांध घातला गेला. तोच हॉर्नबी व्हेलार्ड. त्यामुळें समुद्र आंत येण्याचें थांबलें. परंतु ताडदेव, कामाठीपुरा, भायखळा या बाजूची भूमि सखलच राहिली, आणि पावसाळ्यांत तेथें पाणी तुंबे. ती उंच करावयाची तर भराव हवा होता. शहरांत आयता व फुकट मिळणारा भराव एकच होता: रोजची झाडलोट. तीच या खळग्यांत ओतण्यांत आली, आणि कालांतरानें त्यावर रस्ते व वस्ती उभी राहिली.

घरांच्या भिंतींतही टाकाऊ वस्तूंना मान होता. भाजलेल्या विटांच्या तुकड्यांची पूड करून ती चुन्यांत मिसळीत. तिलाच सुरखी म्हणत. सिमेंट सुलभ होण्यापूर्वीचीं कित्येक पक्कीं घरें अशा चुन्यावर उभीं राहिलीं. पुढें दारुखान्याच्या किनाऱ्यावर मोडलेल्या जहाजांचें लोखंड तापवून, लाटून बांधकामाच्या सळया होऊं लागल्या.

परंतु सुरखी आणि झाडलोट यांत एक महत्त्वाचा भेद आहे. वीट भट्टींतून निघालेली. ती कुजत नाहीं. झाडलोट मात्र कुजते, खचते आणि ओल धरते. १८९६ सालीं प्लेग आला तेव्हां कित्येक अधिकाऱ्यांनीं दोष घाणीवर व ओलसर जमिनीवर ठेवला. रोगाचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळें होतो हें नंतर कळलें. म्हणून जमिनीवरील तो आरोप खरा ठरला नाहीं. तरी दाट वस्ती, कोंदट खोल्या आणि ओल यांचे हाल सोसले ते गरिबांनींच. स्वस्त भरावाची किंमत ज्यांनीं दिली, त्यांना तो भराव घालतांना कोणीं विचारलें नव्हतें. पुढें शहराचा केर आगगाडीनें चेंबूरकडे जाऊं लागला, आणि १९२७ पासून देवनार हें त्याचें ठिकाण झालें.

आतां प्लॅस्टिककडे वळूं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. गटारें तुंबण्याच्या कारणांत पिशव्यांचेंही नांव निघालें. २००६ मध्यें महाराष्ट्रानें पातळ पिशव्यांवर निर्बंध घातले, आणि २०१८ मध्यें बंदी अधिक व्यापक केली. याच काळांत मदुराईचे रसायनशास्त्रज्ञ राजगोपालन वासुदेवन् यांनीं एक रीत सिद्ध केली: तापविलेल्या खडीवर प्लॅस्टिकचे बारीक तुकडे टाकावे, ते वितळून खडीवर लेप बसतो, आणि मग त्यावर डांबर घालावें. अशा खडीला डांबर घट्ट धरतें व पाणी सहज शिरत नाहीं. २०१८ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली.

रीत चांगली आहे. पण ती सर्व प्लॅस्टिकला लागू नाहीं. पीव्हीसी अतिशय तापवल्यास त्यांतून दाहक आम्लवायु निघतो. म्हणून आधीं निवड हवी. ही निवड यंत्रापेक्षां माणसाचे हातच अधिक करतात. कचरा वेंचणाऱ्या स्त्रिया आणि धारावींतील कारखान्यांचे कामगार तें काम करतात, आणि धूरही तेच गिळतात. शिवाय प्लॅस्टिकची वीट झिजली तर तिचे कण कोठें जातात, आणि ती पेटली तर काय होतें, हे प्रश्न ती भिंतींत बसविण्यापूर्वीं विचारावयाचे आहेत.

सुरखी टिकली, कारण तो टाकाऊ पदार्थ असला तरी त्याचा गुण पारखलेला होता. झाडलोटीचा भराव नडला, कारण तेथें पारख नव्हती. केवळ विल्हेवाट होती. प्लॅस्टिकला आपण भिंतींत व रस्त्यांत जागा देऊं तेव्हां आपण बांधतों आहोंत कीं नुसतें पुरतों आहोंत, हें आधीं ठरविलें पाहिजे. दोहोंतील अंतर पहिल्या पिढीला दिसत नाहीं. तें दुसरीला सोसावें लागतें.