क्रीडाक्षमतेच्या कारणांचा शोध आणि पराभूतांची नोंद

पुणे-अहिल्यानगर मार्गावरील सुपा हे पारनेर तालुक्यातील गाव अवर्षणप्रवण पठारी प्रदेशात वसले आहे. या टापूत ग्रामदैवताच्या जत्रेत कुस्त्यांचा हगामा भरविण्याची रीत जुनी आहे. लहान मुलांच्या रेवड्यांवरील कुस्त्यांनी आरंभ होतो आणि मोठ्या इनामाच्या शेवटच्या कुस्तीने समाप्ती होते. तो मल्ल का जिंकला, असे विचारल्यास खुराक, मेहनत, वस्तादाची शिकवण, घराण्याचा अंगकस अशी उत्तरे तत्काळ मिळतात. ही उत्तरे खोटी आहेत असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु ती कोणत्या साधनांनी मिळविली, आणि त्या साधनांतून काय निसटून गेले, याचा विचार मराठी व्यायामेतिहासात फारसा झालेला नाही. प्रस्तुत लेखाचा तोच विषय होय.

प्रथम हगाम्याचाच विचार करू. आखाड्यात उतरू इच्छिणाऱ्या मल्लांच्या जोडी जाणती मंडळी नजरेने लावतात. देहयष्टी, वय व लौकिक पाहून तुल्यबळ जोड शोधणे हे त्यांचे कसब असते. आता एखाद्या संशोधकाने अशा शंभर कुस्त्यांचे निकाल व मल्लांची वजने यांचा ताळा पाहिला, तर वजनाचा निकालाशी फारसा संबंध नाही, असा निष्कर्ष त्याच्या हाती येईल. तो निष्कर्ष चुकीचा ठरेल. कारण ज्या कुस्त्यांत वजनाचा फरक निर्णायक ठरला असता, त्या जोड लावणाऱ्यांनी आधीच टाळलेल्या असतात. माहिती गोळा होण्यापूर्वीच निवड झालेली असते. निकाल ही गोष्टदेखील दिसते तितकी निःसंदिग्ध नसते. २०२५ साली अहिल्यानगर येथे झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पाठ टेकली की नाही यावरून उफाळलेला वाद सर्वश्रुत आहे. निरीक्षकाची नजर हेही एक उपकरणच असून त्याचीही पारख करावी लागते.

दुसरे साधन तालमीतील मौखिक परंपरेचे. येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. ‘दम’ हा एकच शब्द पाहावा. ‘दम लागला’ म्हणजे धाप लागली. ‘त्याच्यात दम आहे’ म्हणजे तो टिकाव धरतो, किंवा त्याच्या अंगी बळ वा हिंमत आहे. प्रश्नावलीत ‘दम किती आहे?’ असे विचारले, तर एक मल्ल श्वासाविषयी, दुसरा बळाविषयी व तिसरा धैर्याविषयी उत्तर देईल, आणि तिन्ही उत्तरे एकाच रकान्यात जमा होतील. शब्दांचा अर्थ व्यवहारातून निश्चित केल्याविना घेतलेली मुलाखत ही माहिती नसून माहितीचा आभास होय.

या मौखिक ज्ञानाला ग्रंथरूप देण्याचा सर्वांत भव्य प्रयत्न बडोद्यास झाला. दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी संपादिलेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात प्रसिद्ध झाले. कुस्तीचे डावपेच, मल्लखांब, देशी खेळ आणि नामवंत व्यायामपटूंचा परिचय यांचा एवढा संग्रह अन्यत्र दुर्मिळ आहे. तथापि कोशाचा स्वभाव संग्राहक असतो. नामवंतांच्या चरित्रांतून त्यांचा व्यायाम व आहार समजतो. तितकेच जोर मारून व तितकेच दूध पिऊन अनाम राहिलेल्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही.

या मार्गाहून निराळा मार्ग बडोद्याच्याच व्यायामपरंपरेत वाढलेल्या एका पुरुषाने चोखाळला. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले व ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. नौलीच्या क्रियेत मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून कमी होतो, हे त्यांनी दाबमापकाने दाखविले आणि आपल्या गुरूंच्या नावे त्या अवस्थेस ‘माधवदास निर्वात’ असे संबोधिले. त्याच सुमारास, १९२३ साली, इंग्लंडात ए. व्ही. हिल व हार्टली लप्टन हे धावणाऱ्या माणसाचा उच्छ्वास पिशवीत साठवून त्यावरून प्राणवायूचा व्यय मोजीत होते. दोन्ही ठिकाणी साक्षीची जागा मापनाने घेतली. मात्र प्रयोगशाळेची मर्यादाही येथेच आहे. पिशवी पाठीवर बांधून धावता येते, कुस्ती खेळता येत नाही. आणि प्रतिस्पर्ध्याच्या हालचालीस क्षणात उत्तर देणे हे ज्या खेळाचे मर्म, त्याचे मर्म उच्छ्वासात सापडत नाही.

खाशाबा जाधव यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. कराडजवळील गोळेश्वरचे हे मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीस बँटमवेट फ्रीस्टाइल गटात त्यांनी कांस्यपदक मिळविले. या चार वर्षांच्या प्रगतीची कारणे म्हणून मातीऐवजी गादीचा सराव, आंतरराष्ट्रीय नियमांचा परिचय आणि प्रवासखर्चासाठी लोकांनी केलेले साहाय्य यांचा उल्लेख होतो. तर सोव्हिएत मल्लाकडून झालेल्या पराभवाचे कारण दोन कुस्त्यांमध्ये न मिळालेली विश्रांती, असे सांगितले जाते. ही सर्व कारणे संभाव्य आहेत. पण ती निकाल ठाऊक झाल्यानंतरच्या आठवणींतून आलेली आहेत. पदक हुकले असते, तर याच चार वर्षांतून अपयशाची कारणेही तितक्याच सहजतेने निघाली असती.

मापन काटेकोर असले तरी हा दोष आपोआप जात नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमधील खेळाडूंचे मापन करून जे. एम. टॅनर यांनी १९६४ साली जो ग्रंथ सिद्ध केला, त्यातून क्रीडाप्रकार व शरीरबांधा यांचा संबंध स्पष्ट झाला. परंतु त्याच बांध्याचे किती जण रोमपर्यंत पोहोचू शकले नाहीत, हे रोममध्ये मोजून कळणार नाही.

या सर्व पद्धतींच्या इतिहासातून एकच सूत्र हाती येते. नजर, आठवण, कोश आणि उपकरण या चारही साधनांनी प्रामुख्याने यशस्वी मनुष्याचाच शोध घेतला. यशस्वी मल्ल बदाम खात होता, एवढ्याने बदाम हे यशाचे कारण ठरत नाही. अयशस्वी मल्ल ते खात नव्हता, हेही दाखवावे लागते. म्हणून सुप्यासारख्या गावी माहिती गोळा करावयाची, तर ती हगाम्याच्या दिवशी नव्हे, हगाम्यापूर्वी कित्येक महिने सुरू झाली पाहिजे. तालमीत येणाऱ्या प्रत्येक मुलाचे वजन, मेहनत, आहार, शेतावरील वा कारखान्यातील श्रम आणि झोप यांची नोंद निकाल अज्ञात असतानाच व्हावी. कोणाची जोड लागली नाही, कोणाची कुस्ती बरोबरीत सुटली आणि दुष्काळाच्या वर्षी खुराक तुटल्यामुळे कोणी तालीमच सोडली, हेही त्यात यावे.

असे न केल्यास त्याची किंमत केवळ शास्त्राला मोजावी लागत नाही. कोरडवाहू शेतकरी कुटुंब विजेत्याच्या कथेवर विसंबून मुलाच्या खुराकासाठी घरातील दुभते व पैका खर्ची घालते. त्या कुटुंबाला जिंकलेल्या एकाची कथा जितकी सांगितली जाते, तितकीच हरलेल्या अनेकांची नोंदही उपलब्ध असणे, हे संशोधनाचे त्याच्याप्रत देणे आहे.