क्रिप्स योजना, रूझवेल्टचे पत्र आणि मौलाना आझाद

गवालिया टँकवरील 8 ऑगस्ट 1942 ची रात्र मुंबईच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. परंतु त्या ठरावापूर्वीच्या चार-पाच महिन्यांत लंडन, वॉशिंग्टन आणि दिल्ली यांच्यात जी ओढाताण झाली, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. त्या बैठकीचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद होते, आणि आधीच्या वाटाघाटींतही काँग्रेसची बाजू त्यांनीच मांडली होती. म्हणून आपल्या मुलामुलींनी हे प्रकरण जरा सविस्तर वाचावे असे वाटते.

3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी एकाही भारतीय नेत्याला न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ जाऊन गव्हर्नरचा कारभार आला. युरोपात लोकशाहीसाठी लढणारे सरकार येथे एका सहीवर राज्य करीत होते! ऑगस्ट 1941 मध्ये रूझवेल्ट व चर्चिल यांनी अटलांटिक सनद काढली. आपले सरकार निवडण्याचा हक्क सर्व लोकांना आहे, असे तीत म्हटले होते. महिनाभरातच चर्चिलने पार्लमेंटात खुलासा केला की, हे कलम नाझींच्या टाचेखालील राष्ट्रांसाठी आहे.

पुढे जपान युद्धात उतरले. 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून गेले. चीनचे चँग कै-शेक हिंदुस्थानात येऊन इंग्रजांना सत्ता देण्याचा सल्ला देऊन गेले. 10 मार्चला रूझवेल्टने चर्चिलला पत्र लिहिले. अमेरिकेतील तेरा राज्यांनी 1783 ते 1789 या काळात जशी तात्पुरती व्यवस्था चालविली, तशी हिंदुस्थानात करून पाहावी, असे त्यात सुचविले होते. दुसऱ्याच दिवशी क्रिप्स यांची रवानगी जाहीर झाली. केवळ पत्रामुळे हे घडले असे मात्र नव्हे. मंत्रिमंडळातील मजूर पक्षाचाही आग्रह होता.

क्रिप्सच्या पेटीत काय होते? युद्धानंतर वसाहतीचा दर्जा, घटना समिती, परंतु तीत संस्थानांचे प्रतिनिधी राजेरजवाडे नेमणार, तेथील प्रजा नव्हे. प्रांतांना बाहेर राहण्याची मुभा. आणि तूर्त संरक्षण खाते इंग्रजांच्याच हाती. मौलानांनी नेमका प्रश्न विचारला : नवे कार्यकारी मंडळ खऱ्या मंत्रिमंडळासारखे चालेल, की शेवटचा शब्द व्हाइसरॉयचाच राहील? क्रिप्सने आधी आशा दाखविली, मग शब्द मागे घेतला. माझ्या मते सारी योजना याच एका प्रश्नावर फुटली.

रूझवेल्टचे प्रतिनिधी कर्नल लुई जॉन्सन एप्रिलच्या आरंभी दिल्लीस पोहोचले होते. संरक्षण खात्याबाबत त्यांनी तोडगा काढला. तो लिनलिथगो व चर्चिल यांना रुचला नाही. 10 एप्रिलला मौलानांनी नकाराचे पत्र दिले. मुस्लिम लीगनेही योजना नाकारली, तिची कारणे अर्थात वेगळी होती. रूझवेल्टने तार करून क्रिप्सचा मुक्काम वाढविण्यास सांगितले. दोष ब्रिटिश सरकारच्या अडेलपणाचा आहे असे अमेरिकन लोकांना वाटते, हेही त्याने स्पष्ट कळविले. पण तोवर क्रिप्स परत निघाले होते. चर्चिल राजीनाम्याची भाषा करू लागला, आणि युद्धात त्याची गरज असलेल्या रूझवेल्टने मग हात आखडता घेतला.

मुंबईचे महापौर तेव्हा युसुफ मेहेरअली होते. लाहोरच्या तुरुंगातून सुटून ते निवडणुकीला आले होते. ‘सायमन परत जा’ ही घोषणा त्यांचीच, आणि ‘क्विट इंडिया’ हे शब्दही त्यांनीच सुचविले, असे सांगतात. 9 ऑगस्टच्या पहाटे नेत्यांची धरपकड झाली. रूझवेल्टचे पुढचे प्रतिनिधी विल्यम फिलिप्स यांनी 1943 मध्ये उपोषण करणाऱ्या गांधीजींना भेटू देण्याची मागणी केली. व्हाइसरॉयने ती नाकारली.

मौलाना तेव्हा अहमदनगरच्या किल्ल्यात होते. एप्रिल 1943 मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या. त्या आजारी असताना सवलतीसाठी सरकारकडे अर्ज करण्यास मौलानांनी नकार दिला होता. त्यांची सुटका जून 1945 मध्ये झाली.